यंत्र आपल्या धुऱ्यावर, चावी कुणाच्या खिशात?



जिनिंगच्या दारात काटा कुणाचा, हे विचारायला आपण शिकलो. आता पाऊस आणि मातीचा ओलावा मोजणारी यंत्रे घेऊन विक्रेते गावात येत आहेत. पोच किती आणि बॅटरी किती वर्षे, एवढेच ते सांगतात. जाळे कुणाचे, ते सांगत नाहीत.

हे यंत्र बहुतेक वेळ झोपलेले असते. जागे होते, चार आकडे रेडिओने पाठवते आणि पुन्हा झोपते. म्हणून बॅटरी वर्षानुवर्षे पुरते. आकडे नेण्याचे मुख्य रस्ते तीन.

पहिला सिगफॉक्स. दिवसाला १४० संदेश, एका संदेशात १२ बाइट. ओलाव्याला तेवढे पुष्कळ. पण सारी पद्धत एका फ्रेंच कंपनीची. जानेवारी २०२२ मध्ये ती कर्जापायी कोर्टात गेली. सिंगापूरच्या युनाबिझने विकत घेतली म्हणून निभावले. घेतली नसती तर?

दुसरा एनबी-आयओटी. मोबाइलच्या टॉवरवर चालतो, सिमकार्ड लागते. लहरी राखीव, म्हणून संदेश भरवशाचा. पण रेंज नाही तिथे यंत्र मुके. जपानच्या एनटीटी डोकोमोने ही सेवा २०१९ मध्ये सुरू केली आणि मार्च २०२० मध्ये बंद केली. तिथे ही गत, तर आपल्या कोरडवाहू शिवारासाठी कोण थांबणार?

तिसरा लोरावॅन. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झच्या लहरींना परवाना लागत नाही. पाण्याच्या टाकीवर संदेश गोळा करणारी पेटी, म्हणजे गेटवे, बसवला की मोकळ्या रानात काही किलोमीटरपर्यंतची यंत्रे जोडता येतात. तो गेटवे गावाचा असू शकतो. हाही रस्ता फुकटचा नाही. चिपचे तंत्र अमेरिकेच्या सेमटेक कंपनीचे. गर्दी झाली तर संदेश हरवतात. वीज आणि देखभाल गावाच्या माथी. तरीही कौल याच रस्त्याला, कारण इथे मालकी मागता येते.

मात्र मागावी लागते! प्रत्येक यंत्राला गुप्त आकड्यांची चावी असते. ती विक्रेत्याने स्वतःजवळ ठेवली, तर गेटवे गावाचा असूनही आकडे उघडणार तोच.

म्हणून अनुदानाच्या कागदावर अंगठा उठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. चावी आम्हाला देणार का? आकडे कुणाच्या मालकीचे? कंपनी बुडाली तर यंत्र दुसऱ्या जाळ्यावर चालेल का? उत्तर लेखी मिळाले नाही, तर यंत्र आल्या वाटेने परत पाठवा.

पाऊस आपल्या शिवारातला, ओलावा आपल्या मातीचा. त्याचा हिशेब परक्याच्या वहीत राहता कामा नये.