सरांना ऐकू येत नाही

घरात निवृत्त प्राध्यापक असले की कुटुंबीयांची एक तक्रार हमखास कानी येते : ‘ते कुणाचे ऐकूनच घेत नाहीत, आपलेच बोलत राहतात.’ स्वभावाला औषध नाही, असे म्हणून विषय तेथेच मिटवला जातो. मला मात्र यात स्वभावापेक्षा नोकरीचा वाटा मोठा दिसतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे अध्यापकाने आठवड्याला १४ ते १६ तास प्रत्यक्ष शिकवायचे असते. म्हणजे तितका वेळ बोलायचे, चुकलेले उत्तर दुरुस्त करायचे आणि ‘मला कळले नाही’ हे वाक्य शक्यतो उच्चारायचे नाही. २०१० साली आयोगाने बढतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली. शोधनिबंध, चर्चासत्रे, व्याख्याने, साऱ्यांना गुण! जेथून बोलावणे येईल तेथे जाऊन बोलणे भागच झाले. त्या प्रमाणपत्रांच्या फाइली कित्येक घरांत अजून कपाट अडवून आहेत. (त्यांना न विचारता हात लावू नये.) ऐकण्यासाठी मात्र त्या तक्त्यात रकाना नव्हता.

अशी तीसेक वर्षे गेल्यावर कान थकू लागतात. वार्धक्यात बहुधा उंच पट्टीचे ध्वनी आधी हरपतात. स, श, त यांसारखी व्यंजने निसटतात. आवाज येतो, शब्द कळत नाही. इतर कुणी ‘काय म्हणालात?’ असे विचारील. आमच्या परिचयातील एका सरांनी ते कधीच विचारले नाही. स्वतः बोलत असेपर्यंत त्यांना ऐकावे लागत नसे. सुनेला वाटे, आपले म्हणणे यांच्या खिजगणतीत नाही. दोन वर्षे हा दुरावा राहिला. अखेर नातीच्या साध्या प्रश्नाला त्यांनी भलतेच, तेही सविस्तर उत्तर दिले, तेव्हा उलगडा झाला.

ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. ऐकू न येणारा माणूस हळूहळू एकटा पडतो. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाच्या अहवालात स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ जोखमींत श्रवणदोषाचा समावेश आहे. कानात मळ साठला आहे का, हे आधी डॉक्टरांकडून पाहून घ्यावे, मग श्रवणचाचणी करावी. घरात टीव्ही बंद करून, समोर बसून, सावकाश बोलावे, ओरडू नये.

‘तुम्हाला ऐकू येत नाही’ असे त्या सरांना कुणी म्हणाले नाही. सून चाचणीचा आलेख घेऊन आली आणि म्हणाली, ‘बाबा, हा मला जरा समजावून सांगता का?’ सरांनी चष्मा लावला. पुढचा अर्धा तास ते तिला स्वतःच्याच कानांविषयी शिकवत होते.