आग आणि सूप
पुढाऱ्याने विरोधकांवर ‘आग पाखडली’ असा मथळा दर आठवड्याला कुठे ना कुठे दिसतोच. पाखडणे हे काम मुळात सुपाचं. दोन्ही हातांनी सूप धरून मनगटाचा हलका झटका दिला, की दाणे वर उडून पुन्हा सुपातच येतात आणि फोलपटं पुढच्या कडेवरून बाहेर जातात. त्या हिशेबाने पुढारी बाहेर टाकतो ते फोलपटच, पण ते असो. खळ्यावर मळणी झाली की उंचावर उभं राहून वाऱ्यावर धान्य सोडतात, ते उफणणं. तिथे काम वारा करतो, माणसाने फक्त त्याची वाट बघायची. पाखडायला मात्र मनगट लागतं. खडे काही पाखडून जात नाहीत. ते दाण्याइतकेच जड, त्यासाठी सूप आडवं हलवून घोळावं लागतं. आजी हे सगळं गप्पा मारता मारता करायची, सुपाकडे न बघता. मी एकदा हातात घेतलं, तर निम्मे तांदूळ अंगणात. चिमण्यांची तेवढी सोय झाली. आता तांदूळ पिशवीतून निवडूनच येतात आणि सूप लग्नाच्या रुखवतात रंगवून ठेवतात.