गव्हर्नरच्या मुलांनाही तोच नियम हवा

पोस्ट जरा मोठी आहे, पण डिसेंबरची तिकिटं बघायला बसण्याआधी वाचा.

आपल्यातले बरेच आई-बाबा आता मुलांच्या शाळेत पेरेंट गव्हर्नर झालेत. मनापासून कौतुक आहे. पण त्याबरोबर एक अवघड प्रश्न येतो. गव्हर्नरनं टर्म चालू असताना स्वतःच्या मुलांना सुट्टीवर न्यावं का? आणि ओळखीच्या कुणाची रजा अडली तर हेडटीचरकडे शब्द टाकावा का? माझं उत्तर दोन्हीला "नाही" असं आहे. आणि मला हा नियम पूर्णपणे पटतो म्हणून मी हे म्हणतेय, असंही नाही.

आधी नियम बघू. हे फक्त इंग्लंडचं आहे. वेल्समध्ये हेडटीचर वर्षाला दहा दिवसांपर्यंत रजा देऊ शकतात. इंग्लंडमध्येही सप्टेंबर २०१३ पर्यंत खास कारण असेल तर दहा दिवसांची मुभा होती. ती काढली, आणि आता फक्त "अपवादात्मक परिस्थिती"त रजा मिळते. निव्वळ सहल किंवा सुट्टी त्यात बसत नाही. २०१७ मध्ये आयल ऑफ वाइटच्या एका वडिलांची केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. मुलीची हजेरी ९० टक्क्यांच्या वर होती, तरी ते हरले. कोर्ट म्हणालं, नियमित हजेरी म्हणजे शाळेच्या नियमांप्रमाणे हजेरी. तिथे वादच मिटला.

आता दंड. ऑगस्ट २०२४ पासून सगळ्या इंग्लंडमध्ये एकच दर आहे. दहा शाळा-आठवड्यांत पाच दिवस विनापरवानगी गैरहजेरी झाली की शाळेला दंडाचा विचार करावाच लागतो. २१ दिवसांत भरला तर ८० पौंड, त्यानंतर २८ दिवसांपर्यंत १६०. आणि हा दंड दर मुलामागे, दर पालकामागे.

आपल्या ग्रुपवर दरवर्षी एक हिशोब फिरतो. समजा, शाळा सुटायच्या आठवडाभर आधी निघालं तर चौघांच्या तिकिटांत ९०० पौंड वाचतात. दोन पालक, दोन मुलं, गुणिले ८०, म्हणजे दंड ३२०. निव्वळ फायदा ५८०! मी सीए आहे, त्यामुळे असा ताळेबंद दिसला की हात शिवशिवतात. यात दुसरं वर्ष कुठे आहे? तीन वर्षांच्या आत त्याच मुलासाठी त्याच पालकाला दुसऱ्यांदा दंड झाला तर सवलत नाही, सरळ १६०. चौघांचे ६४०. तिसऱ्यांदा दंडाचा मार्गच बंद, प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. दोषी ठरलात तर तो फौजदारी गुन्हा, आणि नागरिकत्वाच्या अर्जात गुन्ह्यांची माहिती विचारतात. दंड म्हणजे रजेची किंमत नव्हे. पैसे भरले म्हणून रजा मंजूर होत नाही, हजेरीपटावर ती विनापरवानगीच राहते.

आणि कृपा करून "ताप आहे" असं कळवून विमानात बसू नका. आपण मुलांना शाळेत खोटं बोलायला शिकवतो, आणि परत आल्यावर मुलं वर्गात आजोबांच्या गावाच्या गोष्टी सांगतातच.

मग गव्हर्नरचं काय? बऱ्याच जणांचं म्हणणं असतं, "अहो, ते फुकट काम करतात, त्यांची सुट्टी ही त्यांची खासगी बाब." मला हे मान्य नाही. कुठल्याही ऑफिसात जो खर्चाची व्हाउचर तपासतो, तो स्वतःचं व्हाउचर स्वतः पास करत नाही. गव्हर्निंग बोर्ड शाळेच्या हजेरीच्या आकड्यांवर लक्ष ठेवतं, हेडटीचरला जाब विचारतं. रजा नाकारली म्हणून एखाद्या आईनं रीतसर तक्रार केली, तर शेवटी ती ऐकायलाही गव्हर्नरच बसतात. तिच्यासमोर बसलेल्या माणसानं गेल्याच महिन्यात आपली मुलं आठवडाभर बाहेर नेली असतील, तर त्या आईनं कुठल्या तोंडाकडे बघायचं? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे शाळेत चालत नाही. १९९५ पासून या देशात सार्वजनिक जबाबदारी घेणाऱ्यांसाठी सात नोलन तत्त्वं आहेत, ती गव्हर्नरनाही लागू होतात. त्यातलं शेवटचं नेतृत्वाचं, म्हणजे हे सगळं आधी स्वतःच्या वागण्यात दिसलं पाहिजे.

शब्द टाकण्याचंही तेच. रजा द्यायची की नाही हे हेडटीचर ठरवतात, गव्हर्नर नाही. तुमच्या शब्दामुळे एका मराठी घराला रजा मिळाली, तर ज्या घराच्या ओळखीचा कुणी बोर्डावर नाही त्याच्यावर अन्याय झाला. उद्या ते घर आपलंही असू शकतं.

आपली अडचण मला कळते, कारण ती माझीही आहे. ऐंशी ओलांडलेले आई-वडील, डिसेंबरातली लग्नं, नाताळची जेमतेम दोन आठवड्यांची सुट्टी. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला आले, शाळेच्या सुट्टीत. २०२६ मध्ये १४ सप्टेंबर, ऐन टर्ममध्ये. धार्मिक सणाच्या मुख्य दिवसाची रजा शाळा वेगळ्या कोडखाली नोंदवू शकते, पण कोकणातले दहा दिवस त्यात येत नाहीत. तेरा वर्षांपूर्वी होती तशी मर्यादित मुभा परत यावी, असं मला नक्की वाटतं. ते खासदाराला लिहा, मीही लिहीन. पण नियम बदलेपर्यंत तो सगळ्यांना सारखा हवा.

आणि खरं सांगू? गव्हर्नरकडे स्वतःची रजा घेण्यापेक्षा कितीतरी उपयोगाच्या गोष्टी आहेत.

हजेरीचं धोरण बोर्डासमोर येतं, तेव्हा विचारा: परदेशात आजी-आजोबा गेले किंवा अगदी शेवटच्या आजारात असले, तर अर्ज कसा करायचा, कुठली कागदपत्रं लागतात, प्रवासाचे दिवस धरतात का? हे लिहून ठेवलेलं असलं की मध्यरात्री फोन आलेल्या घराला सकाळी वणवण करावी लागत नाही.

वर्षभरात किती अर्ज आले, किती मंजूर झाले, हे नावं न घेता मागा. एकाच कारणाला एकाला हो आणि दुसऱ्याला नाही होत असेल, तर ते आकड्यांतच दिसतं.

आणि कॅलेंडर बघा. अकॅडमी, फाउंडेशन आणि व्हॉलंटरी एडेड शाळांमध्ये टर्मच्या तारखा कौन्सिल नाही, तर ट्रस्ट किंवा गव्हर्निंग बोर्ड ठरवतं. मुलं शाळेत १९० दिवस, शिक्षक १९५. मधले पाच दिवस प्रशिक्षणाचे. ते विखुरण्याऐवजी एखाद्या सुट्टीला जोडले तर प्रत्येक घराला स्वस्त तिकिटाची संधी मिळते, एकाही मुलाचा वर्ग न बुडता. काही शाळांनी ऑक्टोबरची सुट्टी दोन आठवड्यांची केलीय. हे बोर्डाच्या मीटिंगमध्ये मांडता येतं.

गव्हर्नर असताना अगदी जायचंच असेल, तर इतरांसारखाच आधी अर्ज करा, खरं कारण लिहा, आणि "नाही" आलं तर नाहीच समजा. ते जमणार नसेल, तर पद सोडा आणि साधे पालक म्हणून काय तो निर्णय घ्या. त्यात कमीपणा नाही.

तुमच्यापैकी कुणी गव्हर्नर असाल तर तुमच्या शाळेचं कॅलेंडर कोण ठरवतं ते कमेंटमध्ये लिहा. मत वेगळं असेल तर तेही लिहा, फक्त तिकिटाचा हिशोब दुसऱ्या वर्षासकट मांडा!