आधी अंगण पाहा, मग रोपं आणा

सुदुंबऱ्यात किंवा आसपास तुम्ही नवं घर बांधलं आहे. घराभोवती अर्धा-एक गुंठा जागा उरली आहे. आता बाग करायची, असं घरात सगळ्यांचं ठरलंय. चांगलं आहे. फक्त एक ऐका. रस्त्यात रोपवाटिका दिसली की लगेच गाडी थांबवू नका.

रोपवाटिकेत सगळंच टवटवीत दिसतं. तिथं डोक्यावर जाळी असते आणि रोज पाणी मिळतं. तुमच्या अंगणात ऊन वेगळं, वारा वेगळा, माती वेगळी. म्हणून आधी अंगणाची ओळख करून घ्या.

पहिलं काम उन्हाचं. सुट्टीच्या दिवशी अंगणात खुर्ची टाकून बसा. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि चारला ऊन कुठं आहे, ते कागदावर लिहा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. तेव्हा घराच्या उत्तरेला सावली राहते. तिथं टोमॅटो लावलात तर नुसता पाला वाढेल. भाजी आणि गुलाबाला निदान पाच-सहा तास ऊन हवं. अळू, पुदिना थोड्या सावलीतही येतात.

दुसरं काम पाण्याचं. आपलं सुदुंबरे मावळात असलं, तरी लोणावळ्याच्या मानानं इथं पाऊस बराच कमी. लोणावळ्यातल्या बंगल्यात पाहिलेली ओलाव्याची झाडं इथं एप्रिलमध्ये माना टाकतात. त्यांची नक्कल करू नका. पावसाळ्यात मात्र पाणी कुठं साचतं, ते पाहून ठेवा. भिंतीकडे पाणी वळत असेल, तर आधी उतार नीट करून घ्या. नाहीतर घरात ओल येईल. बाग त्यानंतर.

निचरा पाहायची सोपी रीत आहे. दीड फूट खोल खड्डा घ्या आणि पाण्यानं भरा. ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी काही तासांत जिरलं, तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं, तर तिथं लिंबू लावू नका. त्याची मुळं कुजतील. तिथं कर्दळ लावा.

तिसरं काम मातीचं. बांधकामाचा राडारोडा बऱ्याचदा अंगणातच दडपलेला असतो. विटांचे तुकडे आणि सिमेंटचे गोळे उकरून काढा. झाडाचे खड्डे दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि तेवढेच खोल घ्या. ते उन्हाळ्यात घेऊन महिनाभर उन्हात तापू द्या. मग चांगली माती, कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड घालून भरा. ताजं शेण घालू नका, त्यानं हुमणी येते. पेंडीचं महत्त्व या गावाला निराळं सांगायला नको. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे महाराज घाण्याचं काम करणारे, आणि त्यांची समाधी इथंच आहे.

आता कागदावर घराची चौकट काढा. दार, नळ, न्हाणी, शौचालयाची टाकी, विजेच्या तारा दाखवा. रोज कुठून चालता, गाडी कुठं लावता, कपडे कुठं वाळत घालता, तेही दाखवा. या जागा मोकळ्या ठेवा. टाकीजवळ आणि तारांखाली मोठं झाड नको. कढीपत्ता, कोथिंबीर, मिरची स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवा. भाजी फोडणीला टाकल्यावर पावसात कुणी कुंपणापर्यंत जात नाही.

झाड निवडताना ते दहा वर्षांनी केवढं होईल, ते विचारा. आज हातभर दिसणारा आंबा उद्या शेजाऱ्याच्या छपरावर जातो आणि चांगल्या संबंधात वितुष्ट येतं. वड, पिंपळ, उंबर घराला खेटून लावू नका, त्यांची मुळं भिंत फोडतात. शेवग्याच्या फांद्या ठिसूळ. वाऱ्यात त्या गाडीवर पडतील. लहान अंगणाला कागदी लिंबू, पेरू, सीताफळ, पारिजातक पुरेत. पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात तापते, तिथं यातलं एखादं सावलीला ठेवा. घरात लहान मुलं असतील, तर कण्हेर टाळा. ती विषारी आहे.

हिरवळीचा मोह आवरा. ती दिसते छान, पण पाणी फार पिते. उन्हाळ्यात टँकर मागवायची वेळ आली, की आधी तीच वाळते. बसण्यापुरती शहाबादी फरशी टाका. बाकी जमीन मोकळी ठेवा आणि झाडांच्या बुंध्यापासून वीतभर सोडून पालापाचोळा पसरा. ओल टिकेल. पालापाचोळ्याचे आणि लाकडांचे ढीग मात्र भिंतीला लावून ठेवू नका. साप-विंचू तिथंच आसरा घेतात. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करा, म्हणजे डास होणार नाहीत.

मृगाचा पाऊस पडून जमीन चांगली भिजली, की लावणी करा. पहिल्या वर्षी तीन-चार झाडं आणि एक लहान वाफा, एवढंच. ती जगली, तुम्हाला पाणी घालायची सवय लागली, की पुढच्या वर्षी वाढवा. एकदम पन्नास रोपं आणली, तर गावाला लग्नाला जाऊन येईपर्यंत निम्मी वाळतील. मग पैसे गेल्याचं दुःख वेगळं, घरातली बोलणी वेगळी.

आणि खरेदीच्या आधी गल्लीत एक चक्कर मारा. मे महिन्यातही कुणाच्या दारात काय हिरवं आहे, ते पाहा. तिथल्या आजींना, काकूंना विचारा. जास्वंदीची फांदी, मोगऱ्याचं कलम, अळूचा कांदा मागायला लाजू नका. या मातीत जगलेलं रोप मिळेल. आणि त्याला कीड पडली, तर विचारायला माणूसही शेजारीच असेल.