अँगस म्हणजे काय रे भाऊ?



आजचा विषय आधीच सांगून टाकतो: बीफ. आपल्यातले काही खातात, काही खात नाहीत, आणि काही फक्त घरी खात नाहीत :-) ज्यांना नको त्यांनी खुशाल पुढच्या पत्राकडे वळावं. थांबलात तर शेवटी आपल्याकडच्या वशिंडाची गोष्ट आहे.

इथे अमेरिकेत ग्रोसरीत, बर्गरच्या दुकानात, ऑफिसच्या डिनरच्या मेन्यूवर "अँगस" हा शब्द असतो आणि शेजारी किंमत थोडी चढलेली. पुष्कळांना वाटतं की हा मांसाचा दर्जा आहे. तो नाही. अँगस ही गुरांची जात. स्कॉटलंडच्या ईशान्येला ॲबर्डीनशर आणि अँगस हे दोन परगणे आहेत. तिथल्या काळ्या, बिनशिंगी गुरांमधून निवड करत करत ह्यू वॉटसन वगैरे मंडळींनी १९ व्या शतकात ही जात घडवली.

१८७३ साली जॉर्ज ग्रँट नावाच्या गृहस्थांनी चार अँगस वळू कॅन्ससला आणले. कॅन्सस सिटीच्या प्रदर्शनात ते बिनशिंगी ध्यान लोकांना विचित्रच वाटलं. पण त्या वळूंपासून टेक्ससच्या लाँगहॉर्न गायींना झालेली वासरं बरीचशी काळी, बिनशिंगी निघाली आणि त्यांनी थंडीही चांगली काढली. कारण काळा रंग आणि शिंगं नसणं हे दोन्ही गुण डॉमिनंट आहेत. आई तांबडी असली तरी वासरू बापाच्या रंगावर जातं.

आता खरी गंमत. १९७८ साली अमेरिकन अँगस असोसिएशनने "सर्टिफाइड अँगस बीफ" हा ब्रँड सुरू केला. ही कंपनी स्वतः मांस विकत नाही, नाव वापरायचा परवाना देते. तिची पहिली चाळणी म्हणजे जनावराची कातडी काळी हवी. म्हणजे बाप अँगस आणि आई हेरफर्ड असलेलं काळं वासरू आत, आणि सख्खा भाऊबंद असलेला लाल अँगस बाहेर! लेबल वंशाबद्दल बोलतंय असं आपल्याला वाटतं, पण दारावरचा माणूस रंग बघतो.

अर्थात या ब्रँडच्या पुढच्या दहा कसोट्या कडक आहेत. त्यातली मुख्य मार्बलिंगची, म्हणजे मांसाच्या आत पसरलेल्या चरबीच्या बारीक जाळीची. चव आणि रसाळपणा बराचसा तिच्यावर. पण नुसतं "अँगस" लिहिलेल्या प्रत्येक पाकिटाला या कसोट्या लागू नसतात. तेव्हा स्टेक घेताना सरकारी ग्रेड बघा: प्राइम सर्वांत वर, मग चॉइस, मग सिलेक्ट. सिलेक्ट ग्रेडचं अँगस असू शकतं आणि दुसऱ्या जातीचं प्राइमही असू शकतं. एक लक्षात ठेवा, आरोग्य तपासणी सक्तीची आहे, ग्रेडिंग ऐच्छिक. पॅकर पैसे भरून ते करून घेतो.

बर्गरसाठी तर जातीचे जादा पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. खिम्यात चरबी किती, हे दळताना ठरतं. पाकिटावरचा ८०/२० हा आकडा अँगस या शब्दापेक्षा जास्त सांगून जातो.

आता वशिंड. त्या दहा कसोट्यांत एक अशी आहे की मानेवरचा उंचवटा दोन इंचांपेक्षा जास्त नको. कारण वशिंडाच्या गुरांचं मांस तुलनेने चिवट निघतं. ही गुरं म्हणजे अमेरिकेतली ब्राह्मन जात. तिच्यात गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठच्या गुरांचं रक्त आहे. पण टेक्सस-फ्लोरिडाच्या उन्हात आणि गोचिडांत काळा अँगस धापा टाकतो, तिथे हीच गुरं टिकतात. म्हणून तिथल्या लोकांनी पाच अष्टमांश अँगस आणि तीन अष्टमांश ब्राह्मन मिळवून "ब्रँगस" नावाची जात केली. थोडक्यात, ज्या वशिंडाला लेबल नाकारतं, त्याच्याच आधाराने तिथले रँचवाले उन्हाळा काढतात.

तेव्हा मंडळी, खाणाऱ्यांनी ग्रेड वाचावी, न खाणाऱ्यांनी पुढच्या डिनरला हे वशिंडाचं पुराण लावावं. आपापले अनुभव जरूर लिहा.