वेष मुलांनीच निवडावा

गेल्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात आमच्या धाकटीला झाडूवालीचे काम मिळाले. राजा, राणी, डॉक्टर कोणाला व्हायचे आहे, हे इतर मुलांना विचारले गेले. आमच्या मुलीला कोणी विचारले नाही. वय वर्षे सहा. घरी आली आणि न जेवता कोपऱ्यात बसून राहिली.

झाडूची लाज आमच्या घरात नाही. आमच्या आईने तीस वर्षे रस्ते झाडले आणि त्याच पगारावर आम्ही बी.कॉम. झालो. पण न विचारता झाडू कोणाच्या हातात दिला जातो, हे वाचक बंधू-भगिनींना आम्ही सांगायला नको. आम्ही शाळेत जाऊन बोललो, काम बदलून मिळाले. मुलीच्या मनात बसलेले मात्र शाळेच्या हुकुमाने निघणारे नव्हते.

अंगावरचा कपडा माणसाची जागा ठरवतो, हे बाबासाहेबांनी फार आधी ओळखले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना त्यांनी सांगितले की, अस्पृश्यतेची खूण पटवणारी लुगड्याची नेसण आणि तसले दागिने टाकून द्या. आपल्या आज्या-पणज्यांनी ते ऐकले आणि नेसण बदलली. मग आपल्या लेकरांच्या खेळातला वेष दुसऱ्याने का ठरवावा?

आम्ही उभयतांनी जुन्या कपड्यांचे गाठोडे सोडले. सौभाग्यवती मशीनवर बसल्या, उसवण्याचे काम आमच्याकडे आले. आमचा जुना काळा कुर्ता पुढून मधोमध उभा कापला, कडा दुमडून टीप मारली, बाह्या आखूड केल्या. झाला वकिलाचा गाऊन. पांढऱ्या कापडाच्या दोन पट्ट्या पुढे लावल्या. ऑफिसचा पांढरा शर्ट कॉलर काढून, बाह्या कापून दिला की सहा वर्षांच्या मुलाला गुडघ्यापर्यंत येतो. तो डॉक्टरचा कोट. खाकी पँटचा पाय गुडघ्याखाली कापून खालचे तोंड शिवले आणि उरलेल्या कापडाचा पट्टा लावला. ती पोस्टमनची पिशवी. आम्ही हिशेबातले माणूस, म्हणून जमाखर्च मांडतो : धाग्याची दोन रिळे आणि हातभर वेल्क्रो. बाकी सारे घरातलेच.

१४ एप्रिलला आपल्या वस्तीत पुष्कळ मुले भाड्याचा निळा सूट घालतात. हौस चांगलीच आहे. पण डाग पडेल म्हणून त्या मुलाला दिवसभर कोणी बसू देत नाही, खाऊ देत नाही. फोटो निघाला की सूट परत. घरी शिवलेल्या कपड्यात मूल मातीत लोळते, भांडते, पुन्हा उद्या तेच घालते. भाड्याचा वेष पाहणाऱ्यांसाठी असतो, घरचा वेष खेळणाऱ्यासाठी.

शिवताना मात्र काळजी घ्या. गळ्याभोवती नाडी किंवा गाठ ठेवू नका, ओढली गेली तर फास बसतो; तिथे थोडेसे वेल्क्रो लावा, ते ओढताच सुटते. कपडा घोट्याच्या वर राहू द्या, नाहीतर पोरे जिन्यात अडखळतात. नायलॉन पेटले तर वितळून कातडीला चिकटते; सुतीही पेटतेच, म्हणून असले घोळदार कपडे घालून मूल चुलीजवळ वा गॅसजवळ जाऊ देऊ नका. तीन वर्षांच्या आतले मूल घरात असेल तर मणी आणि सुटणारी बटणे लावूच नका.

हे सगळे कपडे आम्ही पत्र्याच्या एका पेटीत ठेवले आणि सांगितले, “हवे ते घाला, आम्ही काही विचारणार नाही.” पहिला महिनाभर धाकटीने गाऊन अंगावरून उतरवला नाही. दादाला तिने दोनदा शिक्षा ठोठावली, एकदा जामीन दिला. वकिलाला शिक्षा देता येत नाही, हे आम्ही मुद्दामच सांगितले नाही.

मग एका रविवारी तिने आजीचा कामावरचा जुना कोट मागितला. बाह्या दुमडून घातला, हातात झाडू घेतला आणि शेजारची चार पोरे ओळीत उभी केली. “मी मुकादम. हजेरी द्या,” म्हणाली. आमची आई दारात बसून हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. झाडू तोच होता. या वेळी तो तिने स्वतः उचलला होता, आणि मन भरल्यावर स्वतःच खाली ठेवून ती डॉक्टरचा कोट शोधायला गेली.

तुमच्या घरीही जुन्या कपड्यांचे गाठोडे असेल. भांडीवालीला देण्याआधी एकदा मुलांसमोर सोडा.