अवघड जागी दुखणं

२० मार्च २०११. चेन्नईच्या चेपॉकवर विश्वचषकाचा सामना, समोर वेस्ट इंडीज. युवराज सिंग मधेच वाकतो, ओकतो, पाणी पितो आणि पुन्हा बॅट घेऊन उभा राहतो. त्या दिवशी त्याने ११३ धावा काढल्या, वर दोन बळीही घेतले. गंजगोलाईत टीव्हीच्या दुकानासमोर उभं राहून आम्ही तो सामना पाहिला आणि सगळ्यांचं एकमत झालं : ऊन लागलंय. उन्हातलं लातूरकरांना कोण शिकवणार!

त्या वेळी त्याच्या दोन फुप्फुसांच्या मधे कॅन्सरची गाठ वाढत होती. रात्र रात्र खोकत या माणसाने स्पर्धेत ३६२ धावा केल्या, १५ बळी घेतले आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. ऑक्टोबरात गाठ दिसली, गोल्फच्या चेंडूएवढी. आधी ती निरुपद्रवी असल्याचं सांगितलं गेलं. नोव्हेंबरात तो वेस्ट इंडीजविरुद्ध दोन कसोट्याही खेळला. अमेरिकेत इंडियानापोलिसला पोचायला २०१२ चा जानेवारी उजाडला.

शारदा उग्रा आणि निशांत जीत अरोरा यांच्यासोबत लिहिलेलं त्याचं 'द टेस्ट ऑफ माय लाइफ' २०१३ साली आलं. पुस्तक म्हणून ते फार ग्रेट आहे असं मी म्हणणार नाही. आईचं आणि देवाचं माहात्म्य जरा जास्तच आहे. पण स्वतःची टाळाटाळ त्याने झाकलेली नाही, यासाठी ते वाचावं. देशातले उत्तमातले उत्तम डॉक्टर ज्याच्या हाकेच्या अंतरावर, त्यानेही खोकल्याकडे काणाडोळा केला. मग आपलं काय? आपल्याकडे पित्त, उष्णता, नजर आणि 'बघू दिवाळीनंतर' एवढ्यावर माणसं वर्ष काढतात.

खेळाडूंच्या कॅन्सरकथा वाचताना माझी एक तक्रार कायम असते. सगळं श्रेय जिद्दीला जातं. वाचणारा पुस्तक मिटतो ते मनाने जिंकता येतं असं समजून. मग जो वाचला नाही, त्याची जिद्द कमी पडली का? नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेसने निघून दादरला उतरणारे, गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत सतरंजी टाकून टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या तारखेची वाट बघणारे लोक मी पाहिले आहेत. जिद्दीत ते कुणाला हार जाणारे नव्हते. त्यांतले बरेच उशिरा पोचले होते, एवढंच.

युवराजला बरं करणारे डॉक्टर लॉरेन्स आईनहॉर्न. त्यांच्याच इंडियाना विद्यापीठात १९९६ च्या ऑक्टोबरात पंचविशीतला एक सायकलपटू दाखल झाला होता. वृषणाचा कॅन्सर फुप्फुसांत आणि मेंदूपर्यंत पोचलेला. तो लान्स आर्मस्ट्राँग. वृषणाला आलेली सूज त्यानेही अंगावरच काढली होती. त्याचं पुस्तक २००० साली आलं, जगभर खपलं. आजारपणात युवराजनेही ते हाती धरलं होतं. पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली, जानेवारीत त्याने उत्तेजकं घेतल्याची कबुली दिली. जिद्दीच्या त्या थोर कथेतला निम्मा भाग बाद झाला. शाबूत राहिलं ते दोघांनाही बरं करणारं औषध.

त्या औषधाची गोष्ट मला दोन्ही पुस्तकांपेक्षा मोठी वाटते. नाव सिस्प्लॅटिन, मूळ धातू प्लॅटिनम. बार्नेट रोझेनबर्ग नावाचे शास्त्रज्ञ विजेचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते बघत होते. जिवाणू लांबलचक वाढायला लागले, पण त्यांचं विभाजन थांबलं. वीज निर्दोष निघाली. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून द्रावणात उतरलेलं संयुग हे काम करत होतं. हे १९६५ साली छापून आलं. पेशींचं विभाजन थांबतं तर कॅन्सर का थांबू नये, असा तो तर्क. १९७४ मध्ये आईनहॉर्न यांनी वृषणाच्या पसरलेल्या कॅन्सरवर ते इतर दोन औषधांबरोबर वापरलं. तोवर अशा दहा रुग्णांतला एखादाच वाचत असे. त्यानंतर दहातले आठ वाचू लागले. आज हे औषध जुनं नि स्वस्त झालं आहे. ते घ्यायला इंडियानापोलिस गाठावं लागत नाही. बार्शी पुरते.

औसा तालुक्यातला एक पोरगा माझ्या ओळखीचा आहे. टेनिस बॉलचा डावखुरा वेगवान गोलंदाज. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला होणाऱ्या चषकांत त्याला दुसऱ्या गावचे संघ गाडी पाठवून घेऊन जात. त्याला गाठ लागली ती कुणाला सांगता येईना अशा जागी. चेंडू लागला असेल, म्हणून त्याने सोडून दिलं. अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात, इथे गावातला डॉक्टर खरोखरच बहिणीच्या सासरचा निघाला. पोरगा गप्प. कंबर धरायला लागली तेव्हा दोस्ताला बोलला, दोस्त त्याच्या चुलत्याला. बाप म्हणाला, सोयाबीनची रास झाली की जाऊ. चुलता शहाणा. त्याने दुसऱ्या दिवशीच एसटीत बसवलं, मुरूड, येडशी करत बार्शीला नेलं.

लातूर-धाराशिवकडच्या माणसाला बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय सांगावं लागत नाही. 'बार्शीची फाईल' म्हटलं की समोरचा पुढचं विचारत नाही. तिथे १९८७ पासून टाटाच्या मदतीने ग्रामीण भागातली कॅन्सरची नोंदवही चालू आहे, खेड्यांसाठीची देशातली पहिली. आणखी एक काम इथल्या लोकांनाच माहीत नाही. १९९९ पासून टाटा आणि बार्शीच्या मंडळींनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या एका गटाची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झाली. आठ वर्षांनी पाहिलं, तर चाचणी न झालेल्यांच्या मानाने या गटात त्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्याच्या आसपास होते. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगाच्या आरोग्य धोरणांत जाऊन बसले. आपल्या कळंब-भूम-परांड्याकडच्या बायकांनी जगाला हे दिलं, आणि आपल्या पाठ्यपुस्तकात त्याची एक ओळ नाही.

पोराचं एक वृषण काढलं, मग केमो. मी भेटायला गेलो तेव्हा त्याला सलाईन चालू होतं. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांवर उठतं, म्हणून आधी सलाईनच्या बाटल्या, मग औषध, मग पुन्हा बाटल्या. आणि लघवी किती झाली ते मोजून लिहायचं. हा पठ्ठ्या ते मिलिलिटरचे आकडे औषधाच्या पाकिटावर षटकांच्या हिशेबासारखे मांडत होता. तोंडाला लोखंडाची चव, उलट्या थांबेनात. आईने आणलेली ज्वारीची आंबील तेवढी पोटात ठरत होती. डोक्यावर केस नव्हते, भुवयाही गेल्या होत्या. जिद्दीबद्दल तो काही बोलला नाही. बाजूच्या खाटेवरचे आजोबा फार घोरतात, अशी तक्रार मात्र केली.

पैशाचंही सांगायला हवं. युवराज परतायच्या तयारीत होता त्याच वर्षी, जुलै २०१२ मध्ये, राज्यात राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत नांदेड होतं आणि बार्शीचा सोलापूर जिल्हाही. लातूरला ती पुढच्या वर्षी आली. पुढे तिला महात्मा फुल्यांचं नाव दिलं. केशरी रेशनकार्ड, आरोग्यमित्राची खिडकी आणि मंजुरीची वाट, हे सगळं कंटाळवाणं असतं आणि कुठल्याच खेळाडूच्या आत्मकथेत येत नाही. आमच्या पोराचा बाप मात्र आजही आधी त्या खिडकीबद्दल बोलतो, मग देवाबद्दल.

जिद्दीशी माझं वैर नाही. तिचं काम औषध संपल्यावर सुरू होतं, एवढंच माझं म्हणणं. आर्मस्ट्राँगचं नेहमीच्या औषधांतलं ब्लिओमायसिन पहिल्या फेरीनंतर बंद केलं, कारण ते फुप्फुसांना इजा करू शकतं आणि सायकलपटूचा संसार फुप्फुसांवर. म्हणजे त्याच्या परतीची तयारीसुद्धा आधी डॉक्टरांनी केली. पुढचे घामाचे महिने अर्थात ज्याचे त्याला. युवराज ११ सप्टेंबर २०१२ रोजी परतला, पुन्हा चेपॉकवरच, न्यूझीलंडविरुद्ध. २६ चेंडूंत ३४ धावा केल्या आणि भारत एका धावेने हरला. जानेवारी २०१७ मध्ये त्याने कटकला इंग्लंडविरुद्ध १५० धावा काढल्या, ही त्याची एकदिवसीय सामन्यांतली सर्वोच्च खेळी. पण त्या अधल्यामधल्या वर्षांत तो संघात कितीदा आला आणि कितीदा गेला!

जिद्दीचा खरा नमुना हवा तर नांदेडच्या मुखेड तालुक्यात बघा. होनवडजची भाग्यश्री जाधव. तिला कॅन्सर नव्हता; विषबाधेनंतर पाय साथ देईनासे झाले. तिला परतायला मैदानच नव्हतं, कारण खेळ तिने त्यानंतर सुरू केला. बसून गोळाफेक म्हणजे काय ते एकदा पाहावं : जमिनीला जखडलेली खुर्ची, पट्ट्यांनी बांधलेलं अंग, पाय मदतीला नाहीत, तीन किलोचा गोळा फक्त खांदा आणि धडाच्या जोरावर उडवायचा. टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये ती सातवी आली, हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिने रौप्य घेतलं, २०२४ ला पॅरिसमध्ये पाचवी आली. पॅरिसच्या उद्घाटनाला सुमित अंतिलबरोबर भारताचा तिरंगा तिच्या हाती होता. पदक नाही, म्हणून नांदेडात तेव्हा फारसे फ्लेक्स लागले नाहीत. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला जिथे चौक झाकले जातात, तिथे ही कंजुषी नजरेत भरते. तिने आपलं पुस्तक लिहावं, आणि त्यात खुर्चीच्या पट्ट्या कोण बांधतं, सरावाला न्यायला गाडी कुणाची असते, हे सगळं सविस्तर यावं.

औशाचा पोरगा आता पुन्हा खेळतो. वेग गेला, म्हणून फिरकी टाकतो, आणि खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा चलाखीने टाकतो. मागच्या हिवाळ्यात एका चषकाचा उपांत्य सामना आणि बार्शीची तपासणीची तारीख एकाच दिवशी आली. संघाचा निरोप आला, तारीख पुढे ढकल. त्याने फाईल काखेत मारली आणि सकाळची एसटी धरली. संघ हरला. कॅप्टन अजून त्याच्याशी धड बोलत नाही.